पहिला पॅडलबोर्ड घेताना: आधी पाणी, मग जॅकेट, बोर्ड त्यानंतर

पॅडलबोर्ड म्हणजे ज्यावर उभं राहून वल्हवायचं तो लांबट बोर्ड. नवशिक्यांची खरेदी बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. सेलमध्ये बोर्ड दिसतो म्हणून तो आधी घेतला जातो. त्याच्यासोबत आलेलं वल्हं आणि लीश (बोर्डाला जोडणारा दोर) पुरेसं वाटतं, आणि लाइफ जॅकेट ‘तिथे मिळेलच’ म्हणून राहून जातं. मग जलाशयाच्या काठावर कळतं की बोर्ड अरुंद आहे, हवा अर्धीच भरली आहे आणि भाड्याचं जॅकेट खांद्यावरून वर सरकतंय. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले दोन टप्पे होईपर्यंत खिशात हात घालू नका.

१. पाणी कुठलं, हे ठरवा

पुण्याच्या आसपास साठलेलं पाणी भरपूर आहे: खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, भाटघर. पण पाणी दिसलं की बोर्ड टाकायचा, असं चालत नाही. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, शिवाय त्या जलाशयाचा एक काठ एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीला लागून आहे. तिथल्या पीकॉक बेच्या बाजूला फिरकायचंच नाही. मुळशीचं धरण टाटा पॉवरचं आहे. इतर ठिकाणी जलसंपदा विभागाचा मनाईचा फलक असेल, तर ‘बाकीचे उतरलेत की’ हे कारण चालत नाही.

पहिल्या काही वेळा, परवानगी घेऊन चालणाऱ्या आणि प्रशिक्षक व बचाव बोट असलेल्या केंद्रातच उतरा. बोर्डही तिथलाच भाड्याने घ्या. ३० इंच आणि ३३ इंच रुंदीच्या बोर्डांवर एकेकदा उभं राहून पाहिलंत, तर खरेदीतली निम्मी चूक तिथेच टळते.

शहरातली मुळा-मुठा या कामाची नाही. सांडपाणी आहे, जलपर्णीत फिन (बोर्डाखालचा पर) अडकते आणि अंगावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या संसर्गाची भीती वेगळी. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. त्या वेगाच्या पाण्यात अनुभवी माणूससुद्धा बोर्ड घेऊन उतरत नाही.

हंगामानुसार काठही बदलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय भरलेले असतात. नवशिक्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यात सोयीच्या, कारण वारा कमी असतो. एप्रिल-मे मध्ये पाणी मागे हटतं आणि काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून कोरडा दिसणारा हा गाळ आतून ओला असतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. बुडालेली खोडं आणि जुने दगडी बांध अशा वेळी वीतभर पाण्याखाली असतात. दुपारनंतर वळीव कधीही येऊ शकतो.

तपासणी: जागा पक्की करण्यापूर्वी गावातल्या मासेमाऱ्यांना विचारा की जाळी कुठे लावलेली आहेत, खोडं कुठे आहेत आणि पाणी कधी सोडतात. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले, तर खाली जाळं आहे असं धरून चला.

इशारा: धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उचलण्याची विहीर यांच्यापासून निदान अर्धा किलोमीटर लांब राहा. पानशेत, वरसगाव आणि पवना इथे वीजघरं आहेत. पाणी सोडलं की वरचा पृष्ठभाग शांत दिसला तरी आतून ओढ असते.

२. स्वतःचे तीन आकडे लिहून काढा

वजन, उंची आणि छातीचा घेर. त्यापुढे एका प्रश्नाचं खरं उत्तर लिहा: मध्ये न थांबता, तळाला पाय न टेकता ५० मीटर पोहता येतं का? येत नसेल तर बोर्ड विकत घेण्याची घाई सोडा. आधी तरण तलावात शिका, आणि तोवर पाण्यावर जायचं ते प्रशिक्षकाच्या हाताशीच.

वजनात नुसतं अंगाचं वजन धरू नका. जॅकेट, ओले कपडे, पाण्याची बाटली आणि पिशवी मिळून पाच किलो सहज होतात. ७८ किलोच्या माणसाने ८३ धरायचे.

३. लाइफ जॅकेट: यात काटकसर नको

दुकानात ‘लाइफ जॅकेट’ या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिली वस्तू म्हणजे पोहायला शिकताना घालायचं पातळ फोमचं बंडी-टाइप जॅकेट. यावर प्रमाणपत्राचं लेबल नसतं. हे घेऊ नका.

दुसरी, ५० न्यूटनचं जॅकेट. न्यूटन म्हणजे जॅकेटच्या तरंगत्या आधाराचं माप. लेबलवर आयएसओ १२४०२-५ असं छापलेलं असतं. ज्याला पोहता येतं आणि जो काठाजवळ किंवा मदतीच्या टप्प्यात आहे, त्याच्यासाठी हे बनलेलं असतं. बाह्यांचे घेर मोठे असल्याने वल्हवताना काखेत घासत नाही. पोहता येणाऱ्या बोर्डवाल्याला हेच सोयीचं.

तिसरी, १०० न्यूटनचं कॉलरवालं जॅकेट, आयएसओ १२४०२-४. कॉलर मानेमागे असते आणि तोंड पाण्याबाहेर ठेवायला मदत करते. पोहण्यात कच्च्या असणाऱ्याने हेच घालावं, वल्हवताना थोडं अडलं तरी. बेशुद्ध माणसाला उताणं करणं हे ५० न्यूटनच्या जॅकेटचं कामच नाही, हे लक्षात ठेवा.

एक शंका नेहमी येते: ५० न्यूटन म्हणजे जेमतेम पाच किलोचा आधार, तो ७० किलोच्या माणसाला कसा पेलणार? पेलतो, कारण पाण्यात आपलं शरीर जवळजवळ तरंगतंच. आधार लागतो तो डोकं वर ठेवण्यापुरता. पण त्यासाठी जॅकेट अंगाला धरून राहायला हवं. ढिलं जॅकेट पाण्यात स्वतः वर जातं आणि माणूस त्याच्या खालून घसरतो.

म्हणून माप टी-शर्टच्या साइझवरून नाही, छातीच्या घेरावरून घ्या. घालायचं असं: सगळे पट्टे ढिले करा, जॅकेट घाला, चेन लावा, कमरेचा पट्टा आवळा, मग वरचे आणि शेवटी खांद्याचे. खांद्याचे आधी आवळले की जॅकेट वरच बसतं आणि कमरेला कधीच नीट लागत नाही.

तपासणी: दुसऱ्याला मागून दोन्ही खांदे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर माप मोठं आहे. मग गुडघ्यावर बसा. खालची कड मांड्यांवर टेकून जॅकेट गळ्याशी आलं तर दुसरं, आखूड कापाचं बघा. पोट पुढे असेल किंवा लहान मुलासाठी घेत असाल, तर मांड्यांमधून येणारा पट्टा हवाच.

यानंतर सोसायटीच्या तरण तलावात, खोल बाजूला, कुणीतरी सोबत असताना अंग ढिलं सोडून तरंगून पाहा. हात न हलवता हनुवटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे.

भाड्याचं जॅकेट असेल तर तीन गोष्टी बघा. फोम मुठीत दाबून सोडा, तो पुन्हा फुगला पाहिजे. उन्हाने विटलेल्या कापडावर नख ओढा, धागे सुटले तर ते परत द्या. प्रत्येक बकल लावून झटका द्या. तुटलेल्या बकलच्या जागी सुतळी बांधलेली असेल, तर बोलण्यात वेळ घालवू नका, दुसरं मागा.

इशारा: कमरेला बांधायचं, दोरी ओढल्यावर फुगणारं जॅकेट सुटसुटीत दिसतं. पण पाण्यात पडल्यावर ते शोधून ओढायचं, मग डोक्यातून घालायचं, हे सगळं घाबरलेल्या अवस्थेत करावं लागतं. पहिल्या वर्षी ते नको.

४. बोर्ड: लांबीपेक्षा रुंदी बघा

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला फुगवायचा बोर्डच परवडतो. साडेदहा फुटी कडक बोर्ड लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळत नाही आणि गाडीच्या छतावर कॅरियर मागतो. शिवाय पडलात तर कडक बोर्डाची कड जास्त लागते.

प्रकार ‘ऑल राउंड’. टोकदार आणि लांब टूरिंगचे, म्हणजे दूरच्या फेरीचे बोर्ड सरळ पळतात, पण ते अरुंद असतात. आखूड लाटांचे बोर्ड जलाशयात डुगडुगतात. फोटोत ते छान दिसतात, एवढाच त्यांचा गुण.

अंदाजासाठी मापं अशी:

६० किलोपर्यंत: लांबी १० ते साडेदहा फूट, रुंदी ३१-३२ इंच.
६० ते ८५ किलो: साडेदहा ते ११ फूट, रुंदी ३२-३३ इंच.
८५ च्या वर: ११ ते साडेअकरा फूट, रुंदी ३४ इंच.

जाडी सगळ्यांना ६ इंच. पाच इंची बोर्ड जड माणसाखाली मधोमध खचतो, दोन्ही टोकं वर येतात आणि तोल टिकत नाही.

लिटरचा आकडा विक्रेते पुढे करतात, पण साडेदहा फुटी, ३२ इंची, ६ इंची बोर्डात साधारण २९० लिटर असतातच, आणि तेवढ्यात कुणीही तरंगतं. खरा प्रश्न तोलाचा आहे, आणि तोल रुंदीवर ठरतो. ‘कमाल भार’ या आकड्याचंही तसंच. तेवढ्या भाराला बोर्ड बुडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. उभं राहायचं तर त्या आकड्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहा. ८३ किलो धरलेल्या माणसाने १२० किलो किंवा त्याहून जास्त भार लिहिलेला बोर्ड बघावा. मूल किंवा कुत्रा पुढे बसवायचा बेत असेल तर त्याचंही वजन आताच मिळवा.

तपासणी: बाजूच्या शिवणीवर बोट फिरवा. पट्टीला सुरकुती, बुडबुडा किंवा सुटलेलं टोक नको. मधली मूठ, शेपटीकडची लीशची कडी, पुढची लवचीक दोरी आणि व्हॉल्व्हजवळ छापलेला कमाल दाब, या चारही गोष्टी असल्याच पाहिजेत. पेटीत व्हॉल्व्हचा पाना आहे ना, तेही बघा. तो नसला की पुढे फार अडतं.

५. लीश: पाण्याप्रमाणे बदलते

लीश म्हणजे माणूस आणि बोर्ड यांना जोडणारा दोर. फुगवलेला बोर्ड दहा-बारा किलोचा असतो आणि वाऱ्याला त्याचं भरपूर अंग मिळतं. तुम्ही पडलात आणि वारा असेल तर बोर्ड तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा जोरात लांब जातो. म्हणून लीश हवीच.

साठलेल्या पाण्यात गुंडाळीची, म्हणजे स्प्रिंगसारखी लीश घ्या. ती बोर्डवर राहते, पाण्यात लोंबत नाही. सरळ लीश समुद्राच्या लाटांसाठी असते. जलाशयात ती मागे ओढली जाते आणि जाळ्यात अडकते.

इशारा: वाहत्या पाण्यात घोट्याला लीश कधीही बांधू नका. दोर खडकात किंवा झाडात अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो, आणि त्या जोरात वाकून घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. तिथे कमरेच्या पट्ट्याची, एका ओढीत सुटणारीच लीश लागते. आपल्याकडच्या जलाशयांत खोडं आणि जाळी असतात, त्यामुळे पहिली लीश हीच घेतली तरी पैसे वाया जात नाहीत.

हा पट्टा जॅकेटच्या वरून बांधायचा, खालून नाही. ओढायचा गोळा पुढे, हाताला न बघता लागेल असा. काठावर डोळे मिटून आधी उजव्या, मग डाव्या हाताने सोडून पाहा.

६. वल्हं, फिन, पंप

वल्ह्याची लांबी म्हणजे उंची अधिक २० ते २५ सेंटीमीटर. १६५ सेंटीमीटरच्या माणसाला १८५ ते १९०. वल्हं उभं धरून हात सरळ वर केला की मूठ मनगटाशी आली पाहिजे. सुरुवातीला कमी-जास्त होणारं, तीन तुकड्यांचं चालेल. अ‍ॅल्युमिनियमचं स्वस्त पण जड, फायबरग्लासचं हलकं. पैसे उरले तर ते इथे घाला, कारण तासभर उचलायचं ते वल्हंच. घरी आणल्यावर तरण तलावात टाकून बघा. काही वल्ह्यांच्या नळीत पाणी शिरतं आणि ती बुडतात.

फिन मधली, साधारण ९ इंची. उन्हाळ्यात ओसरलेल्या पाण्यासाठी चार-पाच इंची आखूड फिन जवळ ठेवा. तिचा स्क्रू आणि चकती हमखास हरवते, एक जोड जास्तीची घ्या.

पंप दुहेरी झटक्याचा (वर ओढताना आणि खाली दाबताना दोन्ही वेळा हवा भरणारा) आणि दाब दाखवणारा हवा. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा विजेचा पंप मिळतो, आणि तो चैन नाही. हाताने भरणारे दमून अर्ध्यावर थांबतात, हेच ‘बोर्ड फार हलतो’ या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण आहे.

इशारा: पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरू नका. ट्रकच्या टायरला लागणारा दाब तिथे तयार असतो, आणि बोर्डाची शिवण क्षणात सुटते.

७. घरी एकदा पूर्ण फुगवा

हे हॉलमध्ये किंवा पार्किंगच्या सावलीत करायचं. तेही परत करण्याची मुदत संपण्याआधी.

पहिली पायरी व्हॉल्व्हची. मधली पिन दाबून फिरवली की वर येते. वर म्हणजे बंद, हवा आत जाते पण बाहेर येत नाही. पिन खाली राहिली तर नळी काढताच सगळी हवा मोठ्या आवाजाने बाहेर पडते. हे जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा होतं.

मग पंप मारा. सुरुवातीला काटा हलणारच नाही. पंप बिघडलेला नाही, बोर्ड भरून ताठ व्हायला लागल्याशिवाय दाब दिसत नाही. साधारण ८ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) पंप एकेरी झटक्यावर आणा. १२ ते १५ पीएसआयपर्यंत न्या, छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. अंगठ्याने दाबून ‘झाला कडक’ ठरवू नका, १० पीएसआयलाही तो कडकच लागतो.

तपासणी: सावलीत २४ तास ठेवा आणि पुन्हा मोजा. मोजताना थोडी हवा जाते, त्यामुळे एखादा पीएसआय कमी दिसेल. दोनपेक्षा जास्त उतरला तर व्हॉल्व्हभोवती आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे व्हॉल्व्हशी आले तर पान्याने आवळा, शिवणीवर आले तर बोर्ड परत करा.

८. काठावर, उतरण्यापूर्वी

आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज बघा. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत असेल तर ठीक. १५ च्या पुढे नवशिक्याने जाऊ नये. पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसायला लागले असतील तर अंदाज काही म्हणो, बोर्ड फुगवूच नका. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये ठेवा. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परत नाही.

वाऱ्याचा वेग सगळे बघतात, दिशा विसरतात. तुमच्या काठाकडून आत वाहणारा वारा सर्वांत फसवा: काठाशी पाणी गुळगुळीत असतं आणि शंभर मीटरवर तो तुम्हाला लांब नेत असतो. मूठभर वाळलेलं गवत उडवून दिशा बघा. सुरुवात वाऱ्याच्या तोंडावर करा, म्हणजे दमल्यावर तोच परत आणतो.

फोन पाणीरोधक पाकिटात गळ्यात, शिट्टी जॅकेटला बांधलेली, चष्म्याला दोरी. जीन्स आणि ओढणी नको. किती वाजता परत येणार हे काठावर राहणाऱ्याला सांगा आणि तोवर फोन आला नाही तर ११२ ला फोन करायचा, हेही ठरवा. डोंगरामागच्या काठांवर नेटवर्क जातं, ते उतरण्याआधी बघा.

९. पहिली वीस मिनिटं

बोर्ड गुडघाभर पाण्यात न्या, फिन तळाला टेकता कामा नये. लीश लावा. मधली मूठ दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये येईल असे बसा. हीच बोर्डाची मध्यरेषा. मागे बसलात तर नाक वर येतं आणि बोर्ड गोल फिरत राहतो.

गुडघ्यावरच काठाला समांतर दहा मिनिटं वल्हवा, काठापासून ५० मीटरच्या आत. मग मुद्दाम पडा. बोर्डापासून लांब, बाजूला, अंग पसरून. पाय खाली करून उडी मारू नका, खाली खोड असू शकतं. परत चढताना मधल्या मुठीशी या, एक हात मुठीला धरा, पाय मागे पृष्ठभागावर आणून मारा आणि पोटावर सरका. उभं अंग ठेवून वर ओढायला गेलात की पाय बोर्डाखाली जातात आणि बोर्ड उलटतो. हे दमण्याआधी तीन-चार वेळा करा. स्वतःला चढता येत नसेल तर त्या दिवशी उभं राहायचं नाही.

उभं राहताना वल्हं आडवं ठेवून एकेक पाय गुडघ्याच्या जागी आणा. पाय खांद्याएवढे लांब, बोटं पुढे, गुडघे ढिले. नजर समोरच्या काठावर. पायाकडे बघितलं की तोल गेलाच.

वल्ह्याच्या बाबतीत दोनच चुका सारख्या होतात. पहिली, पातं उलटं धरणं: पात्याचा बाक पुढच्या बाजूला, बोर्डाच्या नाकाकडे झुकलेला हवा. दुसरी, दोन्ही हात दांड्यावर: एक हात वरच्या मुठीवरच. पातं पूर्ण बुडवा, पायाशी येताच बाहेर काढा, चार-पाच वल्ह्यांनी बाजू बदला.

इशारा: वारा वाढला तर लगेच गुडघ्यावर या. तरीही पुढे सरकत नसाल तर पोटावर झोपा, वल्हं अंगाखाली धरा आणि हातांनी पाणी मारा. बोर्ड सोडून काठाकडे पोहत निघू नका. तो तरंगतो, आणि लांबून तुमच्या डोक्यापेक्षा तोच आधी दिसतो.

१०. बाहेर आल्यावर

भरलेला बोर्ड उन्हात टाकून जेवायला जाऊ नका. २५ अंशांत १५ पीएसआय भरलेली हवा तापून ६० अंशांवर गेली की दाब १८ च्या पुढे चढतो. दोन-तीन पीएसआय सोडा आणि सावलीत ठेवा. बंद गाडीत ठेवतानाही तेच.

घरी गोड्या पाण्याने चिखल धुवा, फिन काढा, पूर्ण वाळवा. ओला गुंडाळला तर पावसाळ्यात बुरशी धरते. गुंडाळायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा म्हणजे उरलेली हवा व्हॉल्व्हकडे निघते. नंतर पिन वर करून झाकण लावा. व्हॉल्व्हच्या आत वाळूचा एक कण राहिला तरी पुढच्या वेळी हवा तिथूनच गळते.